अलाइनमेंट करूनही गाडी पुन्हा पुन्हा डावीकडे ओढते: घरच्या घरी मोजून कारण कसं शोधावं

अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल जुळवणं, करून आणली की पंधरा दिवस गाडी सुतासारखी सरळ चालायची आणि मग पुन्हा डावीकडे ओढायला लागायची. आठ महिन्यांत हे तीनदा झालं. पावसाच्या तोंडावर एकदा केली, गणपती झाल्यावर एकदा, दिवाळीच्या सुट्टीत एकदा. तिन्ही वेळा मशीनच्या कागदावर सगळे आकडे हिरव्या रंगात होते. संक्रांतीला मात्र डाव्या पुढच्या टायरची आतली कड झिजखुणेला टेकली होती, म्हणजे खाच जेमतेम १.६ मिमी उरली होती. बाहेरच्या कडेला अजून निम्म्याहून जास्त खाच शिल्लक होती. चांगला टायर आतून खाल्ला गेला होता.

माझी गाडी छोटी हॅचबॅक आहे, नऊ वर्षांची, ९२,००० किलोमीटर चाललेली. घर कराडला आणि नोकरी चिपळूणला, त्यामुळे दर आठवड्याला पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि परत चढायचा. घाटात खड्डे आहेत, वळणं आहेत, उतरताना सतत ब्रेक आहे. जो तो म्हणायचा, "ताई, या रस्त्यानं अलाइनमेंट जाणारच." मीही तेच धरून चालले होते. पण त्याच रस्त्यावर वर्षानुवर्षं जाणाऱ्या गाड्यांचे टायर असे एका बाजूनं संपत नाहीत. एक चांगला दणका बसला तर अलाइनमेंट जाऊ शकते हे खरं. पण दर पंधरा दिवसांनी, एकाच चाकाची आणि एकाच दिशेला जात असेल, तर कारण रस्त्यात नसून गाडीत आहे.

मशीन गाडी उभी असताना मोजतं. त्या क्षणी चाकं कुठं बघतायत एवढंच त्याला कळतं. चाक धरून ठेवणारा एखादा भाग सैल असेल तर उभ्या गाडीत आकडे नीट येतात आणि ब्रेक लागला की चाक भलतीकडे बघायला लागतं. म्हणून परत परत पाना फिरवून उपयोग नसतो. आधी ढिलाई शोधायची, मग मोजायचं, मग फिरवायचं. या क्रमात गडबड केली की पैसेही जातात आणि टायरही.

ओढतंय म्हणजे नक्की काय होतंय

सुरुवात हवेपासून करा. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो तक्ता चिकटवलेला असतो त्यातला आकडा धरा, पंपावरचा मुलगा सांगेल तो नाही. पुढच्या दोन चाकांत चार-पाच पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते.

मग रस्ता. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार दिलेला असतो. हात हलका ठेवला की कुठलीही गाडी थोडी डावीकडे सरकणारच. हा दोष नाही. तपासायचं तर खरोखर सपाट जागा हवी. मी सुट्टीच्या दिवशी मार्केट यार्डाच्या रिकाम्या काँक्रीटवर जाते आणि त्याच पट्ट्यावर एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे येते. दोन्ही फेऱ्यांत गाडी स्वतःच्या डावीकडेच गेली तर दोष गाडीचा. एकदा डावीकडे आणि परतताना उजवीकडे गेली तर उतार जमिनीचा. महामार्गावर स्टिअरिंग सोडून ही परीक्षा करू नका.

तिसरी गोष्ट टायर. काही टायर आतल्या बांधणीतच जरा शंकूसारखे असतात आणि त्यानं गाडी एका बाजूला जाते. पुढचे दोन टायर डाव्याचे उजवीकडे करून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा आहे, अलाइनमेंटला हातही लावू नका. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करता येत नाही.

चौथं, अडकलेला ब्रेक. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शेवटी फार ब्रेक न लावता थांबा आणि रिमजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, चटका बसेल. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलं असेल तर ते कॅलिपरचं, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं, काम आहे.

माझ्या गाडीत हे चारही तपासून झालं आणि काही सापडलं नाही. पण तपासता तपासता एक गोष्ट लक्षात आली, जी मी आठ महिने कुणालाच सांगितली नव्हती कारण मला ती महत्त्वाची वाटलीच नव्हती. ब्रेक दाबला की स्टिअरिंगला डावीकडे एक हिसका बसायचा, आणि ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दिला की तसाच बारीक हिसका उलट्या बाजूला. अडकलेला कॅलिपर एकाच बाजूला ओढतो. दोन्हीकडे हिसके बसत असतील तर काहीतरी पुढे-मागे सरकतंय.

टायर काय सांगतो

टायरवरची झीज हा सगळ्यात जुना आणि खरा पुरावा आहे, फक्त वाचता यायला हवा. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी ठेवली गेली. मध्य झिजला तर जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक ॲबसॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे बघा. एकच कड सपाट झिजली असेल तर कँबर, म्हणजे समोरून बघताना चाकाचं आत किंवा बाहेर कलणं.

टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली आहेत की एकमेकांपासून दूर, हे मात्र डोळ्यापेक्षा तळहाताला जास्त कळतं. टायरच्या पृष्ठभागावर हात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. करवतीच्या दात्यांसारखं एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला टोचणारं लागलं तर टो चुकलाय. आतून बाहेर येताना टोचलं तर टो-इन जास्त, म्हणजे तोंडं आत वळलेली. बाहेरून आत जाताना टोचलं तर टो-आउट. तार निघालेल्या टायरवर हात फिरवू नका, खोल जखम होते.

माझ्या डाव्या टायरची आतली कड झिजलेली होती आणि बाहेरून आत जाताना टोचतही होतं. उजवा टायर गुळगुळीत. म्हणजे डावं चाक चालताना बाहेर तोंड करून घासत होतं, आणि मशीनचा कागद तर म्हणत होता की ते सरळ आहे. हे कोडं सोडवायचं तर स्वतः मोजण्यावाचून इलाज नव्हता.

दोरीनं टो मोजणं

आमचे थोरले चुलते, तात्या, गवंडीकाम करायचे. त्यांची नायलॉनची लाइनदोरी, पाण्याची नळी आणि पितळी ओळंबा घरात जपून ठेवलेला आहे. भिंत ओळंब्यात आहे का आणि दोन कोपरे सुतात आहेत का, हे बघायला जे लागतं तेच गाडीच्या चाकांना लागतं. याशिवाय अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, वायरिंगचे दोन पीव्हीसी पाइप आणि चार स्टुलं लागतील.

फरशी शक्य तितकी सपाट निवडा. पाण्याच्या नळीची दोन टोकं दोन चाकांजवळ धरून चारही चाकांखालची उंची ताडून बघा. कमी असेल तिथं प्लायवूडचे किंवा चटईचे तुकडे घाला. टोला थोड्या उंच-सखलानं फारसा फरक पडत नाही, कँबरला पडतो. गाडी जॅकवरून उतरवली असेल तर लगेच मोजू नका. चाकं तेव्हा ताणलेली असतात. चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलून मग मोजा. डिकीतलं सामान काढा, चारही टायरची हवा सारखी करा.

स्टिअरिंग सरळ असलं पाहिजे आणि सरळच राहिलं पाहिजे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजून त्याच्या निम्म्यावर आणा आणि दोरीनं सीटला बांधून टाका.

आता दोन्ही पीव्हीसी पाइपांवर एकसारख्या अंतरावर खाचा करा. माझ्या गाडीला २ मीटर अंतर पुरलं. दोन्ही पाइप एकमेकांवर ठेवून एकाच वेळी खाच मारली की फरक राहत नाही. एक पाइप पुढच्या बंपरसमोर आणि एक मागे, स्टुलांवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला. डाव्या खाचेतून डाव्या खाचेत आणि उजव्यातून उजव्यात दोऱ्या ताणून बांधा. खाचांमधलं अंतर सारखं असल्यामुळे दोन्ही दोऱ्या समांतर येतात. फक्त पुढचा आणि मागचा पाइप गाडीला एकसारखा आडवा असायला हवा.

मग गाडी या दोन दोऱ्यांच्या बरोबर मध्ये आणायची असते, म्हणजे खरं तर पाइप सरकवायचे असतात. मागच्या डाव्या चाकाच्या हबपासून (चाकाच्या मध्यापासून) दोरीपर्यंतचं अंतर आणि मागच्या उजव्याचं अंतर सारखं करा. तसंच पुढचं डावं आणि पुढचं उजवं सारखं करा. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांसारखं येईलच असं नाही, कारण बऱ्याच गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी वेगळी असते. इथे खूप जण फसतात आणि चारही अंतरं सारखी करायला जातात. तसं केलं की दोऱ्याच तिरक्या होतात. एक पाइप सरकवला की दुसरीकडचं माप थोडं बदलतं, त्यामुळे तीन-चार वेळा इकडून तिकडे फिरावं लागतं. मला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. हा वेळ द्या. इथे चूक राहिली तर पुढचे सगळे आकडे खोटे.

दोऱ्या बसल्या की प्रत्येक चाकाच्या रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत माप घ्या. टायरवरून घेऊ नका, तो फुगलेला असतो. पट्टी रिमला टेकवायची, दोरीला लागू द्यायची नाही. पुढच्या मापातून मागचं माप वजा करा. उत्तर अधिक आलं तर टो-इन, उणे आलं तर टो-आउट.

रिम थोडा वाकडा असेल तर ती चूकही यात येते. म्हणून गाडी ढकलून चाक बरोबर अर्धा फेरा फिरवा, दोऱ्या परत बसवा, पुन्हा मोजा आणि दोन्ही उत्तरांची सरासरी घ्या. कंटाळवाणं आहे, पण माझ्या उजव्या पुढच्या रिममध्ये अर्धा मिलिमीटर वाकडेपणा याच पद्धतीनं सापडला.

मशीनचा कागद अंशांत बोलतो आणि पट्टी मिलिमीटरमध्ये. माझ्या १४ इंची रिमची बाहेरची कड ते कड ३८० मिमी भरते. त्यावर १ अंश म्हणजे साधारण ६.६ मिमी, आणि १० मिनिटं, म्हणजे अंशाचा सहावा भाग, १.१ मिमी. तुमच्या रिमचं अंतर मोजा आणि त्या प्रमाणात हिशोब करा. तुमच्या गाडीची मर्यादा त्या कागदावर छापलेली असते. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

हा १ मिलिमीटर क्षुल्लक वाटतो म्हणून सांगते. ३८० मिमीला १ मिमी तिरकं असलेलं चाक एक किलोमीटर सरळ ओढून नेलं तर ते अडीच मीटरपेक्षा जास्त आडवं जायला बघतं. जाता येत नाही, म्हणून तेवढं घासतं. कराडहून चिपळूणला जाऊन येईपर्यंत किती घासलं याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

माझ्या गाडीत काय निघालं

पहिल्या मापात डावं पुढचं चाक अधिक ०.५ मिमी आणि उजवं अधिक ०.५ मिमी आलं. म्हणजे मशीनचा कागद खोटा नव्हता. तीन आठवड्यांनी, गाडी पुन्हा ओढायला लागल्यावर परत मोजलं. तेच आकडे. अलाइनमेंट गेलेलीच नव्हती.

मग तो दोन्हीकडचा हिसका आठवला आणि मी मापाची पद्धत बदलली. धाकट्या भावाला गाडीत बसवलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत दोन मीटर पुढे आणायची, ब्रेक दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, स्टिअरिंग सरळ धरलेलं. मी बाहेरून दोऱ्या बसवून मोजलं. मग तसंच रिव्हर्समध्ये मागे येऊन ब्रेक दाबून ठेवायचा आणि परत मोजायचं. उजव्या चाकात पुढे येऊन शून्य आणि मागे येऊन अधिक ०.५. डाव्या चाकात पुढे येऊन उणे २.५ आणि मागे येऊन अधिक १. एकाच चाकात साडेतीन मिलिमीटरचा फरक होता आणि पाना कुणीच फिरवला नव्हता.

रबराचे बुश (सांध्यांत बसवलेल्या रबरी उशा) थोडे दबतातच, त्यामुळे अर्धा-एक मिमी फरक चांगल्या गाडीतही दिसेल. बघायची असते ती दोन चाकांच्या आकड्यांमधली तफावत. एक चाक शांत आणि दुसरं नाचतंय, हे चित्र दिसलं की अलाइनमेंटचा विषय संपला आणि सस्पेन्शनचा, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या भागांचा, सुरू झाला.

ढिलाई हातानं शोधणं

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. पुढची बाजू जॅकनं उचला आणि स्टँडवर टेकवा. स्टँड नसेल तर हे काम करू नका. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. विटांवर गाडी टेकवू नका, वीट फुटते आणि आधी सांगत नाही.

चाक घड्याळाच्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. खट् असा आवाज किंवा हिसका लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड गेलाय, म्हणजे स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचं बाहेरचं किंवा आतलं टोक. १२ आणि ६ ला धरून हलवा. तिथं ढिल लागली तर बॉल जॉइंट. दोन्हीकडे सारखीच ढिल आणि चाक फिरवताना घरघर असेल तर बेअरिंग. दुसऱ्या कुणाला तरी टाय रॉडच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. डोळ्याला न दिसणारी ढिल बोटाला लगेच कळते.

माझ्या गाडीत हे सगळं घट्ट होतं. म्हणून तर आठ महिने कुणाला काही सापडलं नाही. उरला लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या हाताचा, मागचा बुश. तो असा हलवून कळत नाही, कारण गाडीचं वजन आणि ब्रेकचा जोर आल्याशिवाय तो सरकत नाही. आर्म आणि तो ज्या चौकटीला बसतो त्या सबफ्रेमच्या मध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून आर्म पुढे-मागे सारला. उजवा किंचित दबून परत आला. डावा आर्म बोटाच्या पेरभर सरकला आणि बुशचं रबर आतल्या नळीपासून अर्ध्या गोलात सुटलेलं स्वच्छ दिसलं.

आता वाईट वाटण्यासारखी गोष्ट. हा बुश आदल्याच वर्षी बदललेला होता. वर्षभरात रबर फाटायला नको होतं. आमच्या मिस्त्रींना विचारलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, "बोल्ट कुठं आवळला होता, हवेत का जमिनीवर?" गॅरेजमध्ये गाडी वर उचललेली असताना चाकं लोंबकळत असतात आणि आर्म खाली झुकलेला असतो. त्याच अवस्थेत बुशचा बोल्ट पूर्ण आवळला तर बुशची आतली नळी त्या जागी जखडते. गाडी खाली आली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. वर प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळलं जातं. असा बुश लवकर फाटतो. बोल्ट आधी हातघट्ट करायचा, गाडी चाकांवर उतरवायची किंवा आर्मखाली जॅक देऊन वजन घ्यायचं, आणि मग शेवटचं आवळायचं. आडव्या बोल्टनं बसणाऱ्या रबरी बुशला हा नियम लागू आहे. आवळण्याचा आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या या दुखण्याचं मूळ मला या एका बोल्टात सापडलं. तुमच्या गाडीत दुसरं काही असेल, पण बुश वर्षाच्या आत परत गेला असेल तर हा प्रश्न गॅरेजमध्ये जरूर विचारा, आणि पुढच्या वेळी बोल्ट आवळताना शेजारी उभे राहा.

बुश वेगळा दाबून बसवण्यापेक्षा आम्ही दोन्ही बाजूंचे आर्म पूर्ण बदलले. उजवा अजून चालला असता, पण एका बाजूला नवं रबर आणि दुसऱ्या बाजूला नऊ वर्षांचं, हे मला पटलं नाही.

टो जुळवणं

आर्म बदलल्यावर टो बदलणारच होता. मोजलं तर डावीकडे उणे १.५ आणि उजवीकडे अधिक १. पुढचा टो तेवढा घरी जुळवता येतो. छोट्या गाड्यांत मागचा आडवा बीम एकसंध असतो, तिथं फिरवायला काही नसतं.

आदल्या रात्री टाय रॉडच्या लॉकनटवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी आटे तारेच्या ब्रशनं साफ करा आणि रंगानं जुन्या जागेची खूण करा. रॅकच्या रबरी बुटाची बारीक पट्टी सैल करा, नाहीतर रॉड फिरवताना बूट पिळवटून फाटतो आणि त्यातून आत पाणी जाऊन रॅक खराब होतो. टाय रॉड एंड एका पान्यानं धरून दुसऱ्यानं लॉकनट सोडा. मग रॉड फिरवायचा, एंड नाही.

कुठल्या दिशेला फिरवायचं? बऱ्याच छोट्या गाड्यांत रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या मागे असतो. अशा गाडीत टाय रॉड लांब केला की चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते आणि टो-इन वाढतो. रॅक पुढे असेल तर बरोबर उलट. खाली वाकून आधी बघून घ्या. पहिला फेरा पावच फिरवा, गाडी चार मीटर पुढे-मागे ढकला आणि मोजा. माझ्या गाडीत पाव फेऱ्याला साधारण १ मिमी बदलतं. तुमच्या गाडीचा आकडा असाच काढा आणि वहीत लिहा. पुढच्या वेळी अर्धं काम वाचतं.

चाकं फरशीवर चिकटून बसल्यामुळे रॉड फिरवूनही माप लगेच बदलत नाही. त्यासाठी प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन गुळगुळीत टाइल्स, मध्ये ग्रीस लावून, तोंडाला तोंड अशा ठेवता येतात. मला पुढे-मागे ढकलणंच जास्त भरवशाचं वाटतं.

एकूण टो बरोबर आला पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे तिरकं राहतंय, अशी तक्रार यानंतर हमखास येते. रॅक मागे असलेल्या गाडीत डावा रॉड आखूड आणि उजवा तेवढाच लांब करा, म्हणजे टो न बदलता स्टिअरिंग मध्यावर येईल. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका दमात करू नका. स्टिअरिंग काढून स्प्लाइनवर, म्हणजे ते बसतं त्या दातेरी दांड्यावर, एक दाता सरकवून बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात एअरबॅग असते आणि मूळ चूक तशीच राहते.

शेवटी लॉकनट आवळा, बुटाची पट्टी बसवा, आणि नट आवळताना रॉड सोबत फिरला नाही ना हे पाहायला पुन्हा एकदा मोजा. बहुतेक वेळा थोडा फिरलेला असतो.

कँबर मी फक्त बघते, जुळवत नाही. दाराच्या वरच्या कडेला चिकटपट्टीनं काठी लावून चाकासमोर ओळंबा सोडायचा, हेलकावे थांबावेत म्हणून गोळा पाण्याच्या बादलीत. दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर मोजायचं. डाव्या-उजव्यात २-३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल, म्हणजे साधारण अर्धा अंश, तर काहीतरी वाकलंय असं समजून गाडी जाणकाराकडे न्यावी. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲबसॉर्बरचा उभा जोड) काढून बसवला असेल तर मात्र आधी त्याचे खालचे दोन बोल्ट बघा. भोकांतल्या ढिलाईमुळेही कँबर थोडा बदलतो. काढण्याआधी खूण करून ठेवली तर हा त्रास होत नाही.

ज्या गाडीत घसरण रोखणारी ईएससी यंत्रणा किंवा पुढच्या काचेमागे कॅमेरा आहे, तिथं स्टिअरिंगचा मध्य संगणकालाही कळवावा लागतो. घरी मोजायला हरकत नाही, पण जुळवणी वर्कशॉपमध्येच करा. अपघातातून गेलेली गाडीही घरी सरळ होत नाही.

आर्म बदलून आज चार महिने झाले, ५,३०० किलोमीटर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजते. कालचे आकडे: डावं अधिक ०.५, उजवं अधिक ०.५, पुढे येऊन आणि मागे येऊन फरक दोन्हीकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नवीन डाव्या टायरवर हात दोन्ही दिशांना सारखाच फिरतो. मागच्या उजव्या चाकात मात्र पहिल्या मापापासून १.५ मिमी टो-इन आहे, डाव्यात ०.५. तो आकडा अजून हललेला नाही आणि टायरही घासलेला दिसत नाही, म्हणून बीमला हात लावलेला नाही. पावसाळ्यात घाटाचे खड्डे उघडे पडले की तेवढं चाक मी दर आठवड्याला मोजणार आहे.